विहिरीतली ईल

मामाच्या मळ्यातल्या विहिरीत (दिंडोरीकडे) आजोबांनी कासव सोडलेलं, पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून. स्वीडनमधे पण सेम प्रकार, फक्त तिकडे ईल सोडायचे, आपल्या वामसारखा लांबडा मासा. ब्रँतेविक गावच्या विहिरीतली एक ईल २०१४ ला मेली, ती १८५९ ला सोडलेली असं तिथले लोक सांगतात. म्हणजे १५५ वर्षं!!

मला आधी थापच वाटली. पण ईलचं सगळं अजबच आहे. जन्म अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात, मग पानासारखी चपटी पिल्लं वाहत वाहत युरोपच्या किनाऱ्याला, तिथे काचेसारखी पारदर्शक, नदीत शिरली की पिवळी, आणि दहा-वीस वर्षं तिथे काढली की कधीतरी चंदेरी होते, डोळे मोठे होतात, खाणं बंद, आतडी आक्रसतात आणि निघते परत पाच-सहा हजार किलोमीटर माहेरी, अंडी घालायची की खेळ खलास. योहानेस श्मिट नावाच्या डॅनिश माणसाने वीसेक वर्षं समुद्रात जाळी ओढून हे माहेर शोधलं, सगळ्यात बारकी पिल्लं कुठे मिळतात ते बघत बघत. पण तिथे अंडी घालताना अजून कोणी बघितलेलं नाही!

आणि समुद्राची वाटच बंद असेल तर? मग ती पिवळीच राहते, वर्षानुवर्षं. विहिरीतल्या त्या बाईचं तेच झालं.

आज किनाऱ्याला येणारी पिल्लं १९८० च्या आधीच्या दहा टक्केही नाहीत. पैदास केंद्रात वाढवून विकावी तर तेही जमत नाही, फार्मवाले पण समुद्रातूनच पिल्लं धरून आणतात. २०१० पासून युरोपबाहेर विकायला बंदी, तरी बॅगा भरभरून तस्करी चालूच. पण मला विचाराल तर तस्करीपेक्षा धरणं जास्त वाईट, टर्बाइनमधे अक्षरशः तुकडे होतात. तिकडे निदान काही बंधाऱ्यांना ब्रश लावलेले ओले उतार तरी केलेत, पिल्लांना वर चढायला.

आपल्या देशातल्या नद्यांतही खरी ईल आहे बरं का, तीही अंडी घालायला समुद्रातच जाते. आणि आपली गोदावरी? धरणांमागे धरणं: गंगापूर, नांदूरमध्यमेश्वर, जायकवाडी, पुढे तेलंगणात अजून, शेवटी आंध्रात धवळेश्वरम. थंडीत नांदूरमध्यमेश्वरला पाहुणे पक्षी बघायला आपण पहाटे लेन्सा घेऊन पळतो (मी पण), पक्षी काय, भिंतीवरून उडून जातात हो.

मामाने गेल्या वर्षी विहिरीवर जाळी बसवली. कासव आहे का अजून विचारलं तर म्हणाला, "जाणार कुठं ते?"