पंचेचाळिशीचा सुरण

परवा रविवारी मला पंचेचाळीस पूर्ण झाली. त्या दिवशी अंधार पडायच्या आत अलिबागहून सायकलने गुहागर गाठायचंच, अशी डेडलाईन मी स्वतःच स्वतःला घातलेली. का ते विचारू नका, रक्ताचा एक रिपोर्ट होता आणि शाळेच्या ग्रुपवर एका वर्गमित्राने टाकलेला बिनशर्टाचा फोटो होता. आयुष्य नव्याने सुरू करायचं एवढं ठरलं आणि सुरुवात गादीवाल्या सायकलच्या चड्डीपासून झाली, जिची किंमत बायकोला अजून माहीत नाही.

पहिले दोन दिवस सोडून देऊ. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दोन्ही खाड्यांना जंगलजेट्टी, म्हणजे गाड्याही नेणारी बोट. कोकणातला रस्ता म्हणजे खाडीतून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं आणि सड्यावरून परत पुढच्या खाडीत उतरायचं, सपाट असं काही असलंच तर ते बोटीत. सावित्री नदी ओलांडली तेव्हा मी नवा माणूस होतो, दाभोळची वाशिष्ठी येईतो फक्त चड्डी नवी राहिली होती.

तर दाभोळची जेट्टी. बोटीत दोन टेम्पो, सात-आठ बाईक, मासळीच्या रिकाम्या पाट्या घेतलेल्या बायका आणि एक आजोबा, हाफ पँट, डोक्याला टॉवेल, पायाशी गोणपाट. पलीकडे धोपाव्याला जायला लागतात दहा-पंधरा मिनिटं, पण आजोबांना तेवढी पुरली.

"गाडीचं काय झालं?"

"काही नाही, घरी आहे."

"बंद पडली?"

"नाही हो, चालू आहे."

"मग ही कशाला?"

म्हटलं चॅलेंज आहे. कोणी दिलं, तर म्हटलं मीच. आणि नाय झालं तर? तर काही नाही. आजोबांनी टॉवेल काढून परत बांधला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मग मधेच बोटीत बसलाव, ते चालतं व्हय त्याच्यात?"

आता वाशिष्ठी काय पोहून जाऊ? पण खरं सांगतो, तो प्रश्न मला लागला.

तेवढ्यात मी पाण्याची बाटली उचलायला वाकलो आणि तिथे घात झाला. "भाऊ, राग मानू नका, पण मागं काय बांधलंय?" इंजिनाच्या आवाजात मला ऐकू जावं म्हणून आजोबा ओरडून विचारत होते. मीही ओरडून सांगितलं, गादी आहे. बसायला त्रास होऊ नये म्हणून.

"मूळव्याध हाय?"

सगळी बोट वळली. मी नाही नाही म्हणतोय, आणि मूळव्याधीचं असं आहे की जेवढं नाही म्हणाल तेवढी ती पक्की होते. पाटीवाली मावशी म्हणाली, त्यात लाजायचं काय, माझ्या दिराला होती. टेम्पोवाला म्हणाला ताक प्या. एका बाईकवाल्याने, माझ्या निम्म्या वयाच्या, हेल्मेटची काच वर करून तिखट बंद करा असं सांगितलं आणि काच परत खाली केली. आजोबांचा मुद्दा एकच, एवढा आजार असून माणूस सायकलवर बसतो म्हणजे घरची परिस्थिती बेताची असणार. त्यांनी गोणपाटात हात घातला आणि मातीसकट दोन किलोचा तरी सुरण काढून माझ्या हातात दिला.

"पैसे किती?"

"औषधाचे पैसे घ्यायचे नसतात."

सायकलला कॅरियर नाही, कारण वजन कमी हवं म्हणून मी तो काढून ठेवलेला. सुरण पाठीवरच्या बॅगेत गेला. बोट लागल्यावर आजोबा वर रस्त्याकडे बघून टेम्पोवाल्याला म्हणाले, ह्यांना घे रे मागं. मी नको म्हटलं तर तो म्हणाला काका, तब्येत बघा आधी.

पुढच्या चढावर सुरण पाठीत रुतत होता आणि डोकं फिरत होतं. डेडलाईन काय ती मला एकट्यालाच? कोकण रेल्वेची कंपनी 1990 ला निघाली आणि नव्वदच्या वर बोगदे पाडून 26 जानेवारी 1998 ला गाडी रोह्यापासून मंगळूरपर्यंत धावायला लागली. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण सुरू झालं 2011 ला, तेव्हा मी नुकताच तिशीत आलेलो, डोक्यावर केस होते, गुडघे वाजत नव्हते. दर गणपतीला ऐकतोय पुढच्या गणपतीपर्यंत नक्की, माणसं खड्ड्यातून मणके मोजत गावाला जातायत, मेलीसुद्धा कितीतरी. त्या रस्त्याला जाऊन कोणी विचारतं का, बाबा तुला मूळव्याध हाय काय?

असो. गुहागरला सहा चाळीसला पोचलो, उजेड होता. ग्रुपवर फोटो टाकला तर पहिला प्रश्न आला, बॅगेतून काय वर आलंय?

घरी बायकोने बॅग उघडली. "तीन दिवस जाऊन सुरण?" मी काय झालं ते सांगितलं, ही चूकच. ती जी हसली ती अजून मधूनमधून हसते आहे. काल तिने काप केले, कोकम कमी पडलं बहुतेक, घसा अजून खाजतोय. आणि बसताना, आता तुमच्यापासून काय लपवायचं, जरा त्रास होतोयच. अर्धा सुरण टोपलीत आहे.