‘पैशाचे चोचले’ लिहिणाऱ्या भाऊंना

भाऊ, उभ्या गाडीच्या कॅमेऱ्यांवर मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. भाऊंचं म्हणणं असं: गाडी उभी असताना कॅमेरे चालू ठेवले की बॅटरी उतरते, असलं चित्रण कोर्टात टिकत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला टिपायचा हक्क तुम्हाला कोणी दिला, आणि शेवटी, "हे पैशाचे चोचले आहेत. आपल्या जळगावात कोण घासून गेलं ते टपरीवर विचारलं तरी कळतं."

बॅटरीचं कबूल. टेस्लाच्या सेन्ट्री मोडमध्ये, म्हणजे उभ्या गाडीवर कॅमेऱ्यांनी पहारा ठेवायच्या सोयीतसुद्धा, चार्ज २० टक्क्यांखाली गेला की पहारा आपोआप बंद होतो, तो उगाच नाही. लेखात त्यावर एक ओळ होती, दोन हव्या होत्या म्हणा.

पण चोचले? माझे वडील सावद्याहून केळी भरून जाणाऱ्या ट्रकवर क्लीनर होते. रात्री ट्रक उभा केला की ते केबिनच्या टपावर झोपायचे, थंडी असो की पाऊस, कारण सकाळी डिझेल आणि ताडपत्री जागेवर असेलच याचा भरवसा नव्हता. उभ्या गाडीची राखण कशाला म्हणतात ते मी घरात बघितलंय. ते मला तुम्ही शिकवू नका.

आता तुमची ती टपरी. मागच्या हिवाळ्यात गोलाणी मार्केटजवळ गाडी लावली, काम आटोपून आलो तर मागच्या दारावर हातभर ओरखडा. विचारलं टपरीवर. एक म्हणाला रिक्षा होती, दुसरा म्हणाला मोटरसायकल. तिसऱ्याने तर आमच्याच कॉलनीतल्या एका पोराचं नाव घेतलं. त्या पोराच्या वडिलांशी माझं पार्किंगवरून आधीच वाकडं, त्यामुळे मला ते लगेच पटलं! घरी येऊन गाडीच्या कॅमेऱ्याचा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. भरताच्या वांग्यांनी भरलेली लोटगाडी, तिचा लोखंडी कोपरा दाराला लागलेला. लोटगाडीवाला थांबला, ओरखड्यावरून हात फिरवला, इकडेतिकडे बघितलं आणि निघून गेला.

त्याला शोधायला मी गेलो नाही. विम्याचा दावाही केला नाही. सलग पाच वर्षं दावा नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती एका ओरखड्यापायी कोण घालवेल? पण त्या संध्याकाळी मी शेजाऱ्याच्या दारात भांडायला उभा राहणार होतो, ते टळलं. तुमच्या टपरीने मला तिथे धाडलंच होतं.

कोर्टात टिकत नाही, हे कुठून आणलंत? १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडायचं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा, लिहायची. आधी हेच काम जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब करायचं, आणि ते प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक खटल्यात सांगितलं. म्हणून मूळ पेनड्राइव्ह जपून ठेवायचा, व्हॉट्सॲपवर फिरून आलेली क्लिप घेऊन ठाण्यात जायचं नाही. हे सगळं लेखात होतं, भाऊ. लेख वाचून मग चिडला असतात तर बरं झालं असतं.

राहिला हक्काचा मुद्दा. नेदरलँड्सच्या खासगी माहितीचं रक्षण करणाऱ्या नियामकाने टेस्लाची यावरून चौकशी केली, आणि कंपनीने सेटिंग बदलल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. आता तिथे कॅमेरे जागे झाले की हेडलाइट लुकलुकतात, समोरच्याला कळतं. आपल्या सराफ बाजारात दुकानादुकानावर कॅमेरा आहे, तिथे हा सवाल तुम्ही कधी केलात? आणि रस्त्यावर आपला चेहरा दिसू नये म्हणणाऱ्याने निनावी प्रतिक्रिया टाकावी हे समजू शकतो, पण मग मला "तोंड वर करून लिहिता" असं म्हणू नये. नाव लिहून या, यावर सविस्तर बोलू.