‘नुसती सजावट’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. सीआरएममधल्या (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) ऑर्डर फॉर्मच्या कंडिशनल फील्डवरचा, म्हणजे आधी काय निवडलं त्यानुसार दिसणाऱ्या-लपणाऱ्या रकान्यांवरचा, माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचलात, आभारी आहे. आपलं म्हणणं असं की फील्ड दाखवणं-लपवणं ही ‘नुसती सजावट’ आहे. सगळी फील्ड उघडी ठेवावीत आणि चूक झाली तर व्हॅलिडेशन रूलने (भरलेली माहिती तपासणाऱ्या नियमाने) सेव्हच्या वेळी अडवावं. शिवाय लपलेल्या फील्डमधली जुनी माहिती तशीच राहते, आणि इम्पोर्ट केलेल्या (फॉर्म न भरता बाहेरून आत घेतलेल्या) ऑर्डरना फॉर्मवरची अट लागत नाही. वर जाता जाता हेही, की ‘असे लेख लिहिणारे ऑर्डर डेस्कवर कधी बसलेले नसतात.’

जुन्या माहितीचं मान्य. ऑर्डरचा प्रकार ‘भाडे’वरून ‘विक्री’ केला की ‘परतीची तारीख’ दिसेनाशी होते, पण आधी भरलेली तारीख रेकॉर्डमध्ये राहू शकते. ती पुसायला वेगळा रूल लागतो. तसं वाक्य लेखात घातलं आहे.

पण ते डेस्कचं वाक्य! मुद्दा पटला नाही तर तसं सांगा, लिहिणाऱ्याची लायकी कशाला काढायची? मी साडेचार वर्षं ऑर्डर डेस्कवर बसले आहे, कानाला हेडफोन लावून. विक्री आणि भाडं एकाच फॉर्मवर, आपल्याला हवी तशी सगळी फील्ड उघडी आणि ‘परतीची तारीख’ अनिवार्य. विकलेल्या यंत्राला परतीची तारीख कुठली? ग्राहक फोनवर ताटकळलेला, ऑर्डर सेव्ह होत नाही, म्हणून आम्ही महिन्याची शेवटची तारीख टाकून मोकळ्या व्हायचो. ‘अनामत’मध्ये शून्य, ‘शेरा’मध्ये टिंब. मग एका महिनाअखेरीला, पूर्ण पैसे मोजून यंत्र विकत घेतलेल्यांना ‘यंत्र परत करा’ असे आपोआप मेसेज गेले. त्या दिवशीचे फोन मी घेतलेत. सजावट म्हणे!

तुम्ही म्हणाल, रूललाच अट घाला: प्रकार ‘भाडे’ असेल आणि तारीख रिकामी असेल तरच अडव. घालाच. रूल नको असं मी कुठे लिहिलंय? पण तो बोलतो सेव्ह दाबल्यावर. लाल ओळ उमटेपर्यंत ग्राहकाने फोन ठेवलेला असतो, आणि तारीख विचारायला त्याला परत फोन लावायचा तो डेस्कवरच्या मुलीने. ‘भाडे’ निवडताक्षणी त्याच्याखालीच तारखेचं फील्ड उघडलं, तर तो प्रश्न तिथल्या तिथे विचारला जातो. माझा लेख एवढंच सांगत होता.

इम्पोर्टचं म्हणाल, तर लेख फॉर्मबद्दल होता. सेल्सफोर्स या सीआरएममध्ये व्हॅलिडेशन रूल एपीआयने (फॉर्म न उघडता, थेट दुसऱ्या प्रोग्रॅममार्फत) आलेल्या रेकॉर्डनाही लागतो आणि फॉर्मची मांडणी लागत नाही, हे मला शिकवायची गरज नाही.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा आधी तुमच्या स्वतःच्या ऑर्डर उघडा, आणि किती फील्डमध्ये नुसती टिंबं भरलेली आहेत ते मोजून लिहा.