बिनपगारी कार्यकर्ता कसं व्हावं

परवा सासूबाईंची पंचाहत्तरी होती. हॉलच्या कोपऱ्यातल्या टीव्हीवर उज्ज्वल निकम काहीतरी सांगत होते, आवाज बंद होता. मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन मी एवढंच म्हणाले, की 2024 ला भाजपच्या तिकिटावर उत्तर मध्य मुंबईतून लोकसभा लढवायची, हरायचं, आणि त्याच जूनमध्ये राज्य सरकारने विशेष सरकारी वकील म्हणून परत नेमायचं, हे बरं दिसतं का? माणूस हुशार आहे, कसाबचा खटला चालवलाय, त्याबद्दल वादच नाही. पण दिसतं का बरं?

धाकट्या दिरांच्या टेबलावर मी तिथल्या तिथे देशद्रोही ठरले. नणंदेच्या यजमानांच्या टेबलावरून मात्र "वा वहिनी!" आलं. मला जरा चेव चढला. त्यांनाही विचारलं, लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीच्या 48 पैकी 30 जागा आल्या तेव्हा ईव्हीएम चांगलं होतं ना? झालं, तिकडे अंधभक्त. श्रीखंड पानात पडायच्या आत दोन्ही पदव्या मिळवणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे बातमी वाचायची नाही. "काय झालं?" हा प्रश्न अडाण्यांचा. शहाण्याने विचारायचं, "कोणाचा?" ईडीची धाड पडली? कोणाकडे? आपल्याकडे असेल तर सूडबुद्धी, त्यांच्याकडे असेल तर कायदा आपलं काम करतोय. आणि ज्याच्याकडे पडली तो कुंपणावर बसलेला असेल तर घाई नको. चहा घ्या, दोन दिवस थांबा, कुठल्या बाजूला उडी मारतोय बघा, मग मत द्या.

तारखा लक्षात ठेवू नका. 27 जून 2023 ला पंतप्रधान भोपाळमध्ये राष्ट्रवादीवरच्या 70 हजार कोटींच्या घोटाळ्याच्या आरोपांबद्दल बोलले, आणि 2 जुलैला त्याच राष्ट्रवादीचे नऊ जण राजभवनावर शिंदे-भाजप सरकारात मंत्रिपदाची शपथ घेत होते. मधे पाच दिवस. आमचा लॉन्ड्रीवाला साधी पैठणी द्यायला आठवडा लावतो.

कोर्टाचा निकाल लागला की आपणच जिंकलो म्हणायचं, निकाल कुठला का असेना. (11 मे 2023 चा शिवसेनेच्या फुटीवरचा निकाल आठवा. राज्यपाल चुकले आणि सरकार राहिलं. हरलं कोणीच नाही.)

मतदान यंत्राचं तर फारच सोपं आहे. जिंकलो की लोकशाहीचा उत्सव, हरलो की डबा. 2009 ला हरल्यावर मतपत्रिका परत आणा म्हणणारे अडवाणी होते, 2024 च्या नोव्हेंबरात तेच वाक्य समोरच्यांनी उचललं. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी गावात मतपत्रिकेवर मतदान घेऊन बघायचं ठरवलं, तर प्रशासनाने जमावबंदी लावली. जमावबंदीने शंका कशी मिटते, हे विचारायचं नाही. आणि शंका घेणारे तिथले शरद पवार गटाचे उत्तम जानकर स्वतः त्याच यंत्रावर आमदार झाले होते, हेही विचारायचं नाही.

"वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही." हे वाक्य पाठ करून ठेवा. फार उपयोगी पडतं.

आता ब्रह्मास्त्र. समोरच्याने काहीही विचारलं, अगदी मीठ द्या म्हटलं, तरी म्हणायचं, "तेव्हा तुम्ही कुठे होता?" मला हे परवा तीन वेळा विचारलं गेलं. तोंडाला लगाम घातला म्हणून राहिलं, इथे सांगते.

मे 2013 ला सर्वोच्च न्यायालय सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हणालं, तेव्हा मी सात महिन्यांच्या पोरासाठी नाचणीचं सत्त्व ढवळत होते, आणि ढवळता ढवळता काँग्रेसलाच शिव्या घालत होते. तेव्हा भावजी, तुम्हीच म्हणाला होतात, "वहिनी, बरोबर बोललात." 23 नोव्हेंबर 2019 ला फडणवीस आणि अजित पवारांच्या पहाटेच्या शपथविधीवेळी मी झोपले होते. तुम्हीही झोपला होतात. अख्खा महाराष्ट्र झोपला होता, म्हणून तर ती वेळ निवडली. 2 जुलै 2023 ला रविवार होता, मी गिरणीत दळण घेऊन उभी होते. आणि मार्च 2022 नंतर कुठे होते विचाराल, तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. आमच्या गल्लीतल्या चेंबरचं झाकण फुटलेलं. खिडकीतला माणूस म्हणाला, नगरसेवकाचं पत्र आणा. म्हटलं, अहो मुदत संपली, निवडणूकच नाही, प्रशासक आहे, नगरसेवक कुठला आणू? तो म्हणाला, मग पत्राशिवाय नोंद होत नाही. चार वेळा गेले. झाकणावर आम्ही फांदी आणि लाल चिंधी लावली होती. जवळपास चार वर्षं आपल्याला नगरसेवक नव्हता! त्यावर कोणत्या टेबलावर वाद झाला? भावजी, तुम्ही त्या फांदीला वळसा घालून रोज प्रचाराला जात होतात. आता सांगा, तेव्हा तुम्ही कुठे होता?

जाऊ दे, सल्ले पुरे. मला नाटक जमत नाही.

सरकारी वकील हा पक्षाचा माणूस नसतो हो. कोर्टात त्याने आरोपीवर बोट ठेवलं की ते कोणासाठी ठेवलं, अशी शंकाही कोणाला येता कामा नये. भावजी, उद्या तुमचे विरोधक सत्तेवर येतील, आपला पडलेला उमेदवार नेमतील, आणि दाखला देतील तो तुमचाच. 2023 च्या डिसेंबरात कायदा करून निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीतून सरन्यायाधीशांना काढलं आणि पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री बसवला. म्हणजे पंच निवडणाऱ्या तिघांत दोघे एकाच संघाचे. यात तुम्हाला काहीच खुपत नाही? आणि जावईबापू, तुम्ही हसू नका. तो पोपट तुमच्या काळात पिंजऱ्यात बसला होता, तेव्हा तुम्हाला तो गोड वाटत होता. दोघांनाही पिंजरा चालतो, किल्ली आपल्याकडे असली की बस्स.

तुमच्या भांडणात 75 कणकेच्या दिव्यांचं तबक तासभर तसंच राहिलं. ओवाळायला उठलो तोवर अर्ध्याहून जास्त विझले होते. आई म्हणाल्या, "राहू दे गं, आहेत तेवढ्यांनी ओवाळ." तुम्ही दोघं तेव्हा पार्किंगमध्ये एकमेकांना 2014 च्या आधीचं आणि नंतरचं समजावत होतात, आणि तिथूनच गाड्या काढून गेलात. त्यांच्या पायासुद्धा पडला नाहीत. फोन करा त्यांना. आज करा, आणि राजकारण सोडून बोला.