उंबराचं फूल

परवा ताडोबाहून आलेल्या मैत्रिणीला विचारलं, काय काय पाहिलंस? म्हणाली, "अगं, काहीच दिसलं नाही. तीन सफाऱ्या फुकट गेल्या." म्हणजे वाघ दिसला नाही. तीन सकाळी ही बाई साग-बांबूच्या ऐन जंगलात होती, आणि काहीच नाही! मी हसले नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मीही असंच बोलत होते.

सध्या माझं जंगल म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचा उंबर. पुण्यातली जुनी सोसायटी, मागची भिंत, खाली स्कूटरी. दूध तापेपर्यंतचा वेळ हीच माझी सफारी. ओट्याच्या कडेला लेकाची शाळेतली उरलेली वही असते, पुढून गणितं आणि मागून उंबर. पानं, फळं, कोण आलं एवढंच लिहायचं, आणि पानाफळांपुढे तीनच शेरे: नाही, थोडं, भरपूर. ही युक्ती माझी नाही. सीझनवॉच नावाच्या उपक्रमात देशभरातले लोक आपापलं एक झाड धरून दर आठवड्याला असंच नोंदवतात. माझ्याकडे दूध रोज तापतं म्हणून मी रोज लिहिते.

पहिल्या महिन्यात जीव आंबला. पानामागून पान "फळं नाही. कावळा." एका सकाळी मात्र खोडावर वाटाण्याएवढे हिरवे मणी दिसले. काल नव्हते हे मी छातीठोकपणे सांगू शकत होते, कारण काल "नाही" लिहिलं होतं. त्या दिवसापासून "नाही" लिहायचा कंटाळा गेला.

फळं पिकायला महिना उलटला आणि मग पंगतच बसली. बुलबुल, तांबट, ठिपक्याठिपक्यांची कोकिळा (हिला मी आठ दिवस कुठला तरी नवीनच पक्षी समजत होते), आणि एकदा चक्क राखी धनेशाची जोडी. रात्रपाळीला वटवाघळं. सकाळी स्कूटरींच्या सीटवर उष्टी उंबरं, आणि त्यावरून ग्रुपवर भांडणं.

सासूबाई एकदा कुणाच्या तरी घरच्या भानगडीवर म्हणाल्या होत्या, "उंबर फोडून केंबरं कशाला उडवायची?" इतकी वर्षं मी ती नुसती म्हण समजत होते. एक पिकलं उंबर फोडलं आणि खरोखरच केंबरं, म्हणजे बारीक उडते किडे, उडाली! मग शोधून वाचलं. आपण जिला फळ म्हणतो ती बंद पिशवी, आणि तिच्या आत बारीक फुलं. म्हणूनच कधीतरी उगवणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. फूल दुर्मीळ नसतं, आत असतं. केंबराची एक चिमुकली मादी टोकाच्या भोकातून आत घुसते. त्या खटपटीत बहुधा पंखही गमावते. आत जाऊन सोबत आणलेले पराग देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतल्या नरांना पंखच नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, फळाला बाहेर पडायचा बोगदा पाडतात आणि संपतात. त्या बोगद्यातून माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. ही म्हण ज्यानं केली त्यानं आधी फळ फोडून नीट बघितलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

आता ॲपबद्दल. आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सांगणारी ॲप आहेत, मीही वापरते. पण नाव कळलं की माझं ऐकणं संपतं, हे लक्षात आलंय. फेब्रुवारीत दिवसभर टुक-टुक-टुक चालायचं. मला वाटलं शेजारच्या इमारतीचा पंप बिघडला. ॲप हाताशी नव्हतं म्हणून पंधरा दिवस शोधत राहिले. तो तांबट निघाला. बोलताना चोच मिटलेली, फक्त गळा फुगतो. हे मला स्क्रीनवर दिसलं नसतं.

त्याच तांबटानं वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक पाडलं. तेवढ्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती फांदी तोडायचा विषय आला. मी वही घेऊन गेले, तारखा वाचून दाखवल्या. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, उद्या फांदी गाडीवर पडली तर नुकसान वही भरून देणार का?" त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. पण वाळकं म्हणजे निकामी हे मला मान्य नाही. तांबटाला मऊ पडलेलं लाकूडच कोरता येतं. सगळी झाडं साफसूफ केलीत तर त्यानं जायचं कुठे? शेवटी तडजोड झाली. गाड्यांवर येणारं टोक कापलं, बुंध्याकडची दोनेक हात ठेवली. भोक वाचलं.

पण तांबट त्यानंतर दिसलेला नाही. आजची नोंद: फळं नाही. पानं थोडी, नवी. भोकात कुणी नाही. कावळा.