तीस नोव्हेंबर

कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज पडला तेव्हा सोलापुरात सकाळचे नऊ वाजले होते, इथे जर्मनीत लाइपझिगमध्ये साडेपाच. "ओपन स्पेसमधील बाग आजपासून बंद करण्यात येत आहे. दुपारी जेसीबी येणार असल्याने सर्वांनी आपापल्या गाड्या काढून घ्याव्यात." गाड्या काढून घ्या. कढीपत्ता, शेवगा, दोन पेरू आणि मोगऱ्याचं काय करायचं, हे लिहायचं कुणाला सुचलं नसावं. खाली सात-आठ जणांचे जोडलेले हात आणि एकाचा वाढदिवसाचा केक. त्याने बहुतेक दुसऱ्या ग्रुपवरचा केक इथे टाकला.

मग दिवसभर वाद. विजापूर रोडवरच्या आमच्या त्या कॉलनीत आजही राहणारे त्यात किती, ते मी मोजले. चार. बाकी सगळे पुणे, बंगळुरू, न्यू जर्सी, आणि मी. आम्ही बाहेरचे एकजात बागेच्या बाजूने, राहणारे चौघे बागेच्या जागी पेव्हर ब्लॉक घालायच्या बाजूने. मी तावातावाने लिहिलं, "आमच्याकडे जर्मनीत असं एका दिवसात बाग पाडता येत नाही, कायदा आहे." समोरच्या अक्कांचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "ये की गं मग इकडं. तूच घाल पाणी." अक्का पंचाहत्तरीच्या आहेत. मी फोन पालथा ठेवला.

बाग म्हणजे तरी केवढी. लेआउट मंजूर होताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तशी सुटलेली जागा, तिच्या कोपऱ्यातले तीनएक गुंठे. तिथे मुरूम आणि घरं बांधून उरलेला राडारोडा पडलेला असायचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या अण्णांनी तो उचलायला लावला, काळ्या मातीच्या दोन ट्रॉल्या आणि शेणखताची एक टाकून घेतली आणि घरटी महिना पन्नास रुपये वर्गणी सुरू केली. हिशेब शाळेच्या दोनशेपानी वहीत. पहिली दोन-तीन वर्षं झकास गेली. वार लावून पाळ्या होत्या, ज्याची पाळी त्याची त्या दिवशीची भाजी. एका भोगीला हरभरा आणि बोरं सोडून भाजीतलं सगळं बागेतलं होतं, हे आई अजूनही आल्यागेल्याला सांगते.

पुढचं कुणालाही ओळखता येईल. पहाटे फिरायला निघणारी मंडळी आकडीची काठी घेऊन यायची आणि जास्वंदीची झाडं बोडकी करून जायची. देवाला म्हणून तोडलेलं फूल आपल्याकडे चोरीत धरत नाहीत. अण्णांनी कुंपणाबाहेर "देवासाठी" म्हणून आणखी एक रांग लावली. मग दोन्ही रांगा बोडक्या व्हायला लागल्या. तरी फुलांनी बाग बंद पडत नाही. बाग बंद पडली ती मीटरमुळे. बोअरची मोटर ज्यांच्या घरच्या मीटरवर चालायची ते काका-काकू घर विकून मुलाकडे पुण्याला गेले. नवे मालक म्हणाले, कॉलनीची मोटर माझ्या बिलात कशाला? त्यांचं काय चुकलं? स्वतंत्र मीटर घ्यावा तर अर्ज कुणाच्या नावाने करायचा? मंडळाची नोंदणी नव्हती, जागा वापरायचा कागद नव्हता. बाग सगळ्यांची होती, म्हणजे कागदावर कुणाचीच नव्हती.

त्यात २०२४ चा उन्हाळा. उजनी धरण खोल मायनसमध्ये, पारा ४२ च्या पुढे, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. घरातल्या पिंपात उरलेलं पाणी बागेला घालायचं की जपून ठेवायचं, हा प्रश्न मला लाइपझिगमधून सोपा वाटत होता. मी ठिबकसाठी पैसे पाठवले. नळ्या अंथरल्या गेल्या, फोटो आला, मी तो इथल्या मैत्रिणींना दाखवला. टाकीत पाणीच नसेल तर नळीतून काय ठिबकणार, हे मला कुणी विचारलं नाही. मी पैसे पाठवले होते ना, मग कोण विचारणार?

आता "आमच्याकडे"चं सांगते, कारण तो शब्द मीच वापरला. पाऊस इथे भरपूर म्हणून बागा टिकतात, हे खरं नाही. लाइपझिगचा वर्षाचा पाऊस सोलापूरच्याच पंगतीतला, पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. फरक एवढाच की इथे तो बारा महिने भुरभुरतो आणि ऊन त्याला लगेच पिऊन टाकत नाही. आपल्याकडे सप्टेंबरात दोन दिवस बदाबदा पडून नाल्याने निघून जातो.

शहरातल्या लोकांना भाजी-फळं लावायला छोटे छोटे तुकडे भाड्याने देणाऱ्या संस्था जर्मनीत गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या जुन्या इतिहासात लाइपझिगचं नाव पहिल्या पानावर. श्रेबर नावाच्या इथल्या डॉक्टरवरून त्या बागांना श्रेबर-बागा म्हणतात. गंमत म्हणजे डॉक्टर १८६१ मध्येच वारले. त्यांच्या नावाची संस्था निघाली १८६४ मध्ये, एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी काढलेली, तीही मुलांना खेळायला मैदान हवं म्हणून. वाफे नंतर आले. इथल्या सूतगिरणीलाही, १८८४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे युरोपच्या मुख्य भूमीवर सर्वांत मोठी ठरलेल्या, कामगारांसाठी अशा बागा होत्या. आपली सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, सात वर्षांनी थोरली. इथल्या गिरणीत आता चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. तिथून जाताना मला दर वेळी सोलापूरच्या गिरण्यांच्या चिमण्या आठवतात आणि दर वेळी तुलना करायचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण पुढचं ऐका.

या बागांचा देशभराचा कायदा १९८३ चा. तुकडा चारशे चौरस मीटरच्या आत, त्यातली झोपडी चोवीस चौरस मीटरच्या आत, तिथे कायमचं राहायचं नाही. साधारण एक तृतीयांश जागेत खाण्याची फळं-भाज्या हव्यातच, नुसतं गवत वाढवून खुर्ची टाकून बसलात तर नोटीस. माझ्या शेजारच्या आजींचा असा तुकडा आहे, म्हणजे होता. त्यांचेही गुडघे गेले, अण्णांसारखेच. त्यांनी तो सोडायचं ठरवलं तेव्हा संस्थेचा मूल्यमापक आला. हातात पाटी, पाटीवर छापील तक्ता. चेरीचं झाड किती वर्षांचं, बुंधा कसा, इतके युरो. लाल मनुक्यासारखी फळं येणारी झुडपं चार, प्रत्येकी इतके. एकूण झालेली रक्कम नव्या भाडेकरूने आजींना द्यायची. मग तो अक्रोडापाशी थांबला. अक्रोड इतका मोठा होतो की संस्थेच्या नियमात तो बसत नाही. तो काढायचा खर्च रकमेतून वजा. अक्रोड आजोबांनी लावलेला होता. आजी काही बोलल्या नाहीत, किटलीतला चहा त्यांनी मला आणि स्वतःला ओतला, त्याला विचारलं नाही.

अख्खी बागच बंद करायची असेल, म्हणजे मंजूर आराखड्याप्रमाणे ती जागा दुसऱ्या कामाला हवी असेल, तर त्याचंही कलम आहे. लेखी नोटीस फेब्रुवारीच्या सुरुवातीला द्यायची आणि जागा रिकामी करायची तारीख ३० नोव्हेंबर. म्हणजे त्या वर्षीचं पीक निघेपर्यंत कुणी हात लावत नाही. लावलेल्या झाडांची भरपाई द्यायची, नगरपालिकेने बदली जागा शोधायची. एवढं असूनही बागा जातात. बर्लिनमध्ये महामार्गासाठी आणि घरांसाठी शेकडो वाफे गेलेच, आणि लोक रस्त्यावर उतरूनही गेले. शिवाय इथल्या बागेला कुंपण आहे, फाटकाला कुलूप आहे, शहरात तुकड्यासाठी माणसं वर्षानुवर्षं रांगेत असतात. आमच्या बागेत कोपऱ्यावरच्या टपरीवाल्या मावशी चहासाठी हवा तेव्हा गवती चहा खुडायच्या, त्यांनी वर्गणी कधी दिली नाही आणि कुणी मागितली नाही. लाइपझिगमध्ये त्यांना फाटकातून आत येता आलं नसतं.

तेव्हा बाग बंद केली याचा राग आता माझ्या मनात नाही. अक्कांचं बरोबर होतं. राहणाऱ्यांचे गुडघे, राहणाऱ्यांचं पाणी, राहणाऱ्यांनी ठरवायचं. संध्याकाळी बसायला आणि गाड्या लावायला त्यांना जागा हवी असेल तर लांबून आठवणी काढणाऱ्यांनी ती अडवू नये. मला खुपतं ते सकाळी नऊला मेसेज आणि दुपारी जेसीबी. झाड तोडायला आपल्याकडे निदान १९७५ चा झाडांचा कायदा आड येतो, परवानगी घ्यावी लागते. वांग्याच्या रोपाला आणि दोन वर्षं मुरलेल्या खताच्या खड्ड्याला कोण विचारणार?

आणि बंद करणं आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. गणपती हलवायच्या आधी उत्तरपूजा होते, मंडळाचा जमाखर्च लागतो. आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत तैलाभिषेक, अक्षता, होम, दारूकाम सगळं आटोपलं तरी यात्रा संपत नाही. कप्पडकळी व्हावी लागते, नंदीध्वजांची वस्त्रं रीतसर उतरवावी लागतात, मग सांगता. त्या गावात बारा वर्षांच्या बागेला बारा तास मिळू नयेत? माझे आजोबा एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. गिरणी बंद झाल्याचं त्यांना फाटकावरच्या कागदावरून कळलं आणि देणं किती याचा हिशेब ते जाईपर्यंत लागला नाही. बंद झालं याचं दुःख त्यांनी पचवलं. हिशेब लागला नाही, हे मात्र शेवटपर्यंत बोलून दाखवायचे.

जेसीबी त्या दुपारी आला नाही. त्याला होटगी रोडला दुसरं काम निघालं. दोन दिवस आपोआप मिळाले. मी ग्रुपवर पुन्हा लिहिलं, या वेळी "आमच्याकडे" न लिहिता: कुणाला कुठलं झाड हवंय ते सांगा, खत कुंड्यांसाठी वाटून घ्या. अक्कांनी मोगरा रंगाच्या डब्यात हलवल्याचा फोटो टाकला. नव्या मालकांनी, ज्यांच्या मीटरचा घोळ झाला त्यांनीच, कढीपत्त्याखाली फुटलेली चार रोपं उपटून नेली. पेरूचं कुणी काही बोललं नाही, ते हलवण्याच्या पलीकडे गेलेले.

मग अण्णांना फोन केला. ते आता वरच्या मजल्यावरच असतात, जिना उतरणं बंद. वही जवळच होती. मोटर रिवाइंडिंग, पाईप पन्नास फूट, शेणखत, खुरपी दोन, असं पहिल्या पानापासून वाचायला लागले. मी ऐकत राहिले. पाऊण तासाने शेवटच्या पानावर आले.

"शिल्लक तीन हजार आठशे चाळीस आहेत गं," अण्णा म्हणाले. "कुणाला द्यायचे ते ठरवून सांगा. मग मी खाली रेघ मारतो."