आधी ओटीपी, मग बाकीचं

सोयींनीच जीव मेटाकुटीला आणलाय राव! खातं आपलं, पैसे आपले, आणि बँकेचा मेसेज: केवायसी करा, नाहीतर व्यवहार बंद. हाच मेसेज सायबर भामटेही पाठवतात. खरा कुठला, खोटा कुठला, तेही आपणच ओळखायचं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमात जास्त जोखमीच्या ग्राहकाला दर 2 वर्षांनी, मध्यमला 8 आणि कमी जोखमीच्याला 10 वर्षांनी केवायसी. मग माझ्या सत्तरीतल्या आईच्या मागे सारखा हा ससेमिरा का? पेन्शनपलीकडे तिच्या खात्यात छदाम येत नाही. तिच्यापासून कसली डोंबलाची जोखीम?

बरं, घरबसल्या करा म्हणतात. आधारचे 12 आकडे टाकले की ओटीपी जाणार जोडलेल्या नंबरवर. तो नंबर बाबांचा, कधीच बंद पडलेला. बदलायला आधार केंद्रात गेलो, तर आईचं बोट मशीनला पटेना. पटणार कसं? जन्मभर भांडी घासून, भाकऱ्या थापून रेषा झिजल्यात. ‘आजी, पुसून परत ठेवा,’ मशीनवरचा पोरगा म्हणतो. आई पदराला बोट पुसते, ठेवते. लाल दिवा. मागची रांग चुकचुकते.

कस्टमर केअरला फोन लावा, तर मराठीचं बटण दाबूनही पलीकडे हिंदी. वर ‘होल्ड कीजिए’ म्हणून तीच ती ट्यून. फोन कटतो आणि मिनिटात मेसेज येतो: आमच्या सेवेला 1 ते 5 गुण द्या.

शून्य द्यायची सोय नाही!